पाच मिलिमीटरचा फरक

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमचे गॅरेज आहे. चारही चाकांना ताकद देणाऱ्या महागड्या गाड्या अलीकडे आमच्याकडे वरचेवर येऊ लागल्या आहेत, आणि त्याचे कारण आमची कीर्ती नसून अधिकृत सेवाकेंद्राने हातात ठेवलेले अंदाजपत्रक हे असते. निपाणीकडच्या एका तंबाखू व्यापाऱ्यांची परदेशी बनावटीची एसयूव्ही अशीच आली. तवंदी घाट चढताना तिला झटके बसू लागले होते, डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागला होता, आणि सेवाकेंद्राने स्कॅनर लावून, काहीही न उघडता, अख्खा ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारा भाग, बदलण्याचा सहा लाखांच्या पुढचा आकडा सांगितला होता.

‘‘मिस्त्री, एवढ्या पैशात आमच्या वडलांनी चार एकर रान घेतलं होतं की ओ,’’ सावकार फोनवर म्हणाले.

गाडी आणण्यासाठी त्यांनी पुढची चाके उचलून ओढत नेणारी क्रेन ठरवली होती. ती मी तिथेच रद्द करायला लावली. अशा गाडीची दोन चाके अधांतरी आणि दोन रस्त्यावर फिरत राहिली, तर जे काही शाबूत उरले असेल तेही वाटेतच जळून जाते. गाडी सपाट ट्रकवर चढवूनच आणली.

स्टिअरिंग पूर्ण वळवून आवारात संथ फेरी मारली, तेव्हा गाडी अडखळत, जणू कोणी मागून धरून ठेवल्यासारखी चालत होती. आम्ही पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा, सोडवला आणि फक्त मागच्या चाकांच्या जोरावर तीच फेरी पुन्हा मारली, तर झटके नाहीसे झाले. म्हणजे गिअरबॉक्स निर्दोष होता आणि बिघाड ट्रान्सफर केसमध्ये किंवा त्याच्या पुढे होता. त्यानंतर तेल काढले. ट्रान्सफर केसमध्ये जेमतेम लिटरभर तेल असते, आणि ते बदलण्याची गरज नाही असे समजून बहुतेक मालक त्याला कधीच हात लावत नाहीत. ट्रेमध्ये पडलेले तेल डांबरासारखे काळे होते, त्याला करपल्याचा वास येत होता, आणि बोटांवर चोळले की ट्रान्सफर केसमधल्या क्लचच्या पट्ट्यांची बारीक भुकटी हाताला लागत होती.

क्लच जळाला हे तर दिसत होते, पण का जळाला हे स्कॅनर सांगत नाही. ते सापडले आमच्या जुन्या फिटरमामांना, गाडी रॅम्पवर असताना चारही टायरवरून त्यांनी सहज हात फिरवला तेव्हा. खोली मोजायचे गेज लावून पाहिले, तर पुढच्या टायरची नक्षी 3 मिलिमीटर आणि मागच्यांची जवळपास 8 मिलिमीटर भरली. सावकारांना विचारल्यावर कळले की चोर्ला घाटातल्या खड्ड्यात मागचा एक टायर फाटला होता, म्हणून त्यांनी मागची जोडी नवी टाकली होती. साध्या गाडीला हा व्यवहार अगदी बरोबर ठरला असता.

या गाडीला तो का चालत नाही, हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवले. टायर 255/55 आर 18 मापाचा आहे, म्हणजे नव्या टायरचा व्यास सुमारे 738 मिलिमीटर. नक्षी 5 मिलिमीटर झिजली की व्यास 10 मिलिमीटरने आणि परीघ सुमारे 31 मिलिमीटरने कमी होतो. त्यामुळे पुढची चाके दर किलोमीटरला मागच्यांपेक्षा सुमारे सहा फेरे जास्त घेतात. वळणावर असा फरक घटकाभर पडणारच, आणि तो सोसण्यासाठीच ट्रान्सफर केसमध्ये बहुपट्टी क्लच असतो. पण इथे सरळ महामार्गावर, निपाणीपासून बेळगावपर्यंत, पट्ट्या अखंड एकमेकींवर घासत होत्या. म्हणूनच अशा गाड्यांना चारही टायर एकाच बनावटीचे आणि जवळपास सारखेच झिजलेले लागतात. सेवाकेंद्राने सांगितल्याप्रमाणे सहा लाख मोजून नवा ट्रान्सफर केस बसवला असता आणि टायर तेच ठेवले असते, तर तोही याच वाटेने गेला असता. अंदाजपत्रकात टायरचा उल्लेखही नव्हता, आणि मला राग आला तो त्याचा.

क्लचच्या पट्ट्या, बेअरिंगे, साखळी आणि सील दिल्लीच्या काश्मिरी गेटहून मागवली. सील तिरके न होता बसवण्यासाठी लागणारी कॉलर शेजारच्या लेथवाल्याने चहा निवायच्या आत काढून दिली. मायक्रॉनमध्ये काम करणारे शेजारी लाभणे हे उद्यमबागेचे खरे सुख आहे. जोडणी झाल्यावर स्कॅनरने क्लचचे कॅलिब्रेशन केले. पुढच्या डिफरन्शियलमधून, म्हणजे पुढच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या भागातून, वेगात किंचित घरघर येत होती. बेअरिंग अजून टिकेल, पण तेल बदलून पुढच्या सर्व्हिसला पुन्हा ऐकावे लागेल, हे बिलावर लिहून दिले.

पुढे मागच्यांच्याच बनावटीचे दोन नवे टायर घातले आणि गाडी तवंदी घाटापर्यंत नेऊन आणली. टायर धरून खर्च दोन लाखांच्या आत बसला. पैसे देताना सावकारांनी काढलेल्या दोन जुन्या टायरांकडे बोट दाखवले आणि हे आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला बसतील काय, असे मामांना अगदी गंभीरपणे विचारले.