काठाचे पान आणि कोकणातला पाऊस

श्रावणातली एक जोराची सर थांबल्यावर मालवणजवळच्या आमच्या गावी देवळाच्या तळीवर बसलो होतो, तेव्हा भाच्याने मोबाइलवर एक जुने चित्र दाखवले. परातीसारख्या उभ्या काठाच्या, तरंगत्या पानावर एक लहान मुलगी उभी होती. "मामा, यात आपल्याकडचा पाऊस पडला तर हे भरून बुडणार नाही काय?" हा प्रश्न कोकणातल्याच मुलाला सुचावा.

ते पान दक्षिण अमेरिकेतल्या व्हिक्टोरिया या महाकुमुदाचे. तळीतले पांढरे कुमुद त्याच्याच भावकीतले. कमळ मात्र, दिसायला जवळचे वाटले तरी, वेगळ्या कुळातले. या पानाच्या काठाला समोरासमोर दोन खाचा असतात आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रे असतात. पावसाचे पाणी या दोन्ही वाटांनी निघून जाते.

खरी करामत पानाच्या खालच्या बाजूला आहे. भाच्याने तळीतले कुमुदाचे पान उलटे केले, तेव्हा देठापासून फाकलेल्या फुगीर शिरा आणि बारीक लव हाताला लागली. व्हिक्टोरियाच्या पानाखाली याच शिरांच्या जागी हवेने भरलेल्या जाड फासळ्या असतात, त्यांना आडव्या पट्ट्यांनी जोडलेले असते आणि सगळीकडे काटे असतात. पान तीन मीटरपर्यंत रुंद होते, ते या सांगाड्याच्या बळावर.

चित्रातली मुलगी जोसेफ पॅक्स्टन या माळ्याची, अ‍ॅनी. इंग्लंडमधील चॅट्सवर्थ येथे १८४९ च्या नोव्हेंबरात त्याने या वनस्पतीला फूल आणले आणि भार तपासण्यासाठी लेकीला पानावर उभे केले. १८५१ च्या लंडनमधील प्रदर्शनासाठी उभारलेला त्याचा काचमहाल या पानावरून सुचला, असे सर्रास सांगितले जाते. मला हे अर्धेच पटते, कारण घड्यांचे काचेचे छप्पर तो आधीपासूनच बांधत होता.

१ जानेवारी १८३७ रोजी रॉबर्ट शॉम्बुर्क या संशोधक प्रवाशाला ही वनस्पती ब्रिटिश गयानातील बर्बिस नदीवर दिसली आणि त्याच वर्षी लिंडले या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला व्हिक्टोरिया राणीचे नाव दिले. मात्र १८३२ मध्येच पोएपिग या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला मखान्याच्या वंशात घालून वर्णन प्रसिद्ध केले होते. व्हिक्टोरियाची तिसरी जात, बोलिव्हियाना, तर २०२२ मध्ये वेगळी ठरली. तिचा वाळवलेला नमुना लंडनमधील क्यू उद्यानाच्या वनस्पतिसंग्रहात १७७ वर्षे पडून होता.

फूल संध्याकाळी पांढरे उमलते. ते स्वतः ऊब निर्माण करते आणि गंधाने भुंगेऱ्यांना ओढून रात्री त्यांना आत कोंडते. दुसऱ्या संध्याकाळी गुलाबी होऊन परागांनी माखलेल्या भुंगेऱ्यांना सोडते आणि पुढे पाण्याखाली जाते. फळ तिथेच पिकते. त्याच्या बिया दक्षिण अमेरिकेत खाल्ल्या जातात आणि स्पॅनिशमध्ये या वनस्पतीला ‘पाण्यातला मका’ म्हणतात. आपण उपवासाला भाजून खातो तो मखानाही याच कुळातल्या वनस्पतीचे बी, म्हणजे पोएपिगचा अंदाज फार चुकला नव्हता.