बिनसुतकाचं दुःख

आमच्या आजीने ‘श्यामची आई’ सहा-सात वेळा वाचायला घेतलं असेल, पण शेवटपर्यंत वाचलं ते एकदाच. बेचाळीस रात्रींपैकी शेवटच्या काही रात्री ती नंतर कधी उघडायचीच नाही. आईचं दुखणं बळावायला लागलं की पुस्तकात एसटीचं तिकीट घालायचं आणि ते फळीवर ठेवून द्यायचं. विचारलं तर म्हणायची, “एकदा गेली तेवढं पुरे. दर वेळी कशाला मारायचं तिला?”

आता कुणी म्हणेल, साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं ते स्वतःच्याच आईबद्दल, तिला काल्पनिक पात्रांत कशाला ओढता? मान्य. पण आजीला ती भेटली पुस्तकातच.

खऱ्या मरणाची आपल्याकडे चोख व्यवस्था आहे. सुतक असतं, दहावं-तेरावं असतं, शेजारून पिठलं-भात येतो. भेटायला येणारा प्रत्येक जण “कसं झालं हो?” विचारतो आणि तेच तेच सांगून दुःखाची धार बोथट होते. पुस्तकातलं माणूस गेलं तर यातलं काहीच नाही. रात्री एक वाजता मिटलेलं पुस्तक छातीवर ठेवून पंख्याकडे बघत पडायचं आणि सकाळी नेहमीची लोकल पकडायची. डोळे का सुजलेत म्हणून ऑफिसात विचारलं तर सांगणार काय? आपण आपलं सर्दीवर ढकलतो.

लंडनचे वाचक मात्र मुकाट बसले नाहीत. १८९३ च्या डिसेंबरात कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडच्या धबधब्यात लोटलं, तेव्हा लोकांनी संतापून पत्रं लिहिली, मासिकाची वर्गणी बंद केली. खरं तर दोन वर्षं आधीच तो होम्सचा काटा काढायला निघाला होता. त्याच्या आईने अडवलं म्हणून तेवढं लांबलं. शेवटी १९०३ मध्ये होम्सला परत आणावंच लागलं. प्रेत सापडलं नव्हतं, ही सोय होतीच. मला तो परत आलेला होम्स तितकासा रुचला नाही. आपण रडून मोकळे झालो आणि हा दारात उभा! आनंद होतो, पण थोडं फसवल्यासारखंही वाटतं.

जयच्या बाबतीत असली काही आशा नाही. ‘शोले’ १९७५ चा, तेव्हापासून तो दर वेळी मरतो. टीव्हीवर तो प्रसंग आला की आई “चहा ठेवते” म्हणून आत जायची. कपबश्यांचा आवाज काही यायचा नाही. मला गोळ्या सोसवतात, ते नाणं सोसवत नाही. दोन्हीकडे छापाच! आणि मग राधा खिडकी लावून घेते, ते तर नाहीच. ठाकूरने तिच्या वडिलांशी बोलणीसुद्धा केली होती हो.

परवा पुन्हा लागला होता. आईला आता गुडघ्यांमुळे चटकन उठवत नाही. जयला गोळी लागली तसा तिने रिमोट उचलला आणि बातम्या लावल्या. “पुढचं माहितीये,” म्हणाली. बातम्यांत कुठल्याशा घाटात बस कोसळल्याचं दाखवत होते. आई मटार सोलत बघत राहिली.