रेवाच्या आठ बॅटऱ्या आणि एक अडेल सेल

उन्हाळा लागला की लेड-ॲसिड बॅटऱ्या पाणी जास्त पितात, म्हणून दर एप्रिलला मी रेवा या माझ्या छोट्या इलेक्ट्रिक गाडीची पुढची सीट काढून सगळा संच तपासतो. यंदा काम नेहमीपेक्षा मोठं निघालं. चार्ज पूर्ण दाखवूनही गाडी कोथरूडहून चांदणी चौकाकडे चढताना दम टाकत होती आणि एका चार्जमध्ये पंचेचाळीस किलोमीटर जेमतेम निघत होते. अशा वेळी ठरलेला सल्ला मिळतो: संच गेला, नवा टाका. मला तो पटत नाही. आठ बॅटऱ्या एकाच दिवशी मरत नाहीत. एखादी आजारी पडते आणि बाकीच्या तिच्यापायी बदनाम होतात.

ज्यांचा या गाडीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रेवा बंगळूरची, २००१ साली बाजारात आली. लंडनमध्ये २००४ पासून ती जी-विझ या नावाने विकली जायची. २०१० साली महिंद्राने कंपनीतला मोठा हिस्सा घेतला. माझी गाडी रेवा-आय, म्हणजे एसी मोटरची, त्यामुळे कार्बन ब्रशची कटकट नाही. सीटखाली ६ व्होल्टच्या आठ बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला एक जोडलेल्या, एकूण ४८ व्होल्ट. प्रत्येक बॅटरीत तीन सेल, म्हणजे एकूण चोवीस. २०० ॲम्पिअर-तास धरले तर कागदावर ९.६ युनिट वीज होते. नवी असताना कंपनी ८० किलोमीटर सांगायची.

सिरीजमध्ये प्रत्येक बॅटरीतून तेवढाच करंट जातो. त्यामुळे दिंडीत सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीनं सगळ्यांना जावं लागतं, तसं इथं होतं. एक सेल आधी रिकामा झाला आणि गाडी तशीच ओढत राहिली तर बाकीचे तेवीस सेल त्याच्यातून जबरदस्तीनं करंट ढकलतात, त्याचा व्होल्टेज उलटा होतो आणि तो कायमचा कामातून जातो. म्हणून एकूण ४८ व्होल्टचा आकडा बघून काहीही निदान होत नाही. बघायचे ते चोवीस सेल, एकेक करून.

पण सेलकडे जायच्या आधी मी जोडण्या बघतो आणि सगळ्यांनी तसंच करावं असं माझं ठाम मत आहे. ४८ व्होल्टची गाडी म्हणजे करंट मोठा. १५० ॲम्पिअर वाहत असताना एखाद्या लगमध्ये, म्हणजे केबलच्या टोकावरच्या धातूच्या जोडात, फक्त ३ मिलिओहमचा अडथळा असला तरी ०.४५ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि सदुसष्ट वॉटची उष्णता त्या एवढ्याशा जागी तयार होते. उभ्या गाडीत हे कळत नाही. मी प्रत्येक जोडणीच्या दोन्ही बाजूंना बारीक वायरी लावून त्या बाहेर काढल्या, प्रत्येक वायरीला बॅटरीच्या टोकाशी छोटा फ्यूज घातला, मुख्य केबलवर करंट मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर अडकवला आणि मित्राला आकडे लिहायला शेजारी बसवून चढावर गेलो. सहा जोडण्या उत्तम होत्या. पाचवी आणि सहावी बॅटरी जोडणारी पट्टी मात्र चढावर जवळजवळ अर्धा व्होल्ट खात होती. उतरल्यावर ती पट्टी हाताला चटका देण्याइतकी तापली होती आणि शेजारच्या गार होत्या.

लग काढला तर आत हिरवट-पांढरी बुरशी धरलेली. कधीकाळी कुणीतरी तो हातोडीनं ठोकून बसवला होता, तारांमध्ये पोकळी राहिलेली आणि ॲसिडची वाफ तिथून आत शिरलेली. नवी केबल, नवा तांब्याचा लग आणि हायड्रॉलिक क्रिंपरनं एकच दणदणीत दाब. टर्मिनल साफ करताना खाण्याचा सोडा पाण्यात कालवून वापरतो, पण त्याआधी सगळी झाकणं घट्ट बंद आहेत ना हे बघतो, कारण सोडा सेलमध्ये गेला तर ॲसिडच मारतो. व्हॅसलिन नट आवळून झाल्यावर वरून लावायचं. दोन धातूंच्या मध्ये नको. आणि पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळायची, हातातली अंगठी, घड्याळ काढून ठेवायचं. ४८ व्होल्टचा शॉक फारसा लागत नाही म्हणून लोक बेफिकीर राहतात, पण पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर तो वितळतो.

आता हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजणारी काचेची नळी. सेल जितका चार्ज, तितकी घनता जास्त. पूर्ण चार्ज करून गाडी रात्रभर उभी ठेवली, सकाळी झाकणं उघडली. रबरी फुगा दाबून सोडला की ॲसिड नळीत चढतं, आतला तरंगता फ्लोट डुलायला लागतो. तो काचेला चिकटलेला नाही ना हे बघायचं, डोळा द्रवाच्या पातळीला आणायचा आणि मगच आकडा वाचायचा. आपल्याकडच्या बॅटऱ्यांची घनता २७ अंश तापमानाला सांगितलेली असते. त्याच्या वर प्रत्येक १० अंशाला ०.००७ मिळवावे लागतात. एप्रिलच्या पुण्यात ही दुरुस्ती केली नाही तर चांगला सेलही वाईट वाटतो. ती धरून माझे बहुतेक सेल १.२५० ते १.२६५ च्या दरम्यान आले. जुन्या संचाला हे समाधानकारक आहे. चौथ्या बॅटरीचा मधला सेल मात्र १.१८५. शिवाय त्याचं ॲसिड गढूळ तपकिरी दिसत होतं. पॉझिटिव्ह प्लेटवरचा मसाला, म्हणजे वीज साठवणारा लेप, झडायला लागला की असा रंग येतो.

ती एक बॅटरी बाहेर काढली. तीस किलोच्या घरातलं धूड आहे, दोघांनी उचला. सुट्या ६ व्होल्ट चार्जरवर थोड्या करंटनं इक्वलायझिंग चार्ज, म्हणजे मागे पडलेले सेल बरोबरीला आणणारा जादा चार्ज, दिला, दाब ७.६ व्होल्टपर्यंत. सेल खदखदतात तेव्हा हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून हे काम उघड्या गच्चीत, डोळ्यावर गॉगल लावून. दर तासाला घनता आणि तापमान दोन्ही लिहायचं. तापमान पन्नासच्या दिशेनं जायला लागलं की चार्जर बंद करून थांबायचं. कडेचे दोन सेल १.२७० ला जाऊन स्थिर झाले. मधला हळूहळू १.२१५ पर्यंत आला आणि तिथंच अडून बसला. नुसतं सल्फेशन, म्हणजे प्लेटवर साचलेला सल्फेटचा थर, असतं तर तो वर आला असता. झडलेला मसाला परत प्लेटवर चढत नाही. काही जण अशा सेलमध्ये वरून ॲसिड ओततात. त्यानं हायड्रोमीटरचा आकडा तेवढा सुधारतो, प्लेट लवकर खलास होते. कृपया करू नका.

जुन्या संचात एक कोरी बॅटरी घालणं मला योग्य वाटत नाही. तिची ताकद बाकीच्या सातांमुळे वापरता येत नाही आणि चार्जिंगचा तोलही बिघडतो. एका रेवाप्रेमीनं आपली गाडी सुट्या भागांसाठी उघडली होती, त्याच्याकडून साधारण त्याच वयाची, तीनही सेल सारखे असलेली बॅटरी मिळाली. ती बसवल्यापासून चढावर गाडी मोकळी पळते आणि एका चार्जमध्ये साठच्या पुढे जाते. जुनी भंगारात न देता बॅटरीच्या दुकानात जमा केली. शिसं नीट ठिकाणी जाणं महत्त्वाचं.

पाण्याबद्दल मला नेहमी विचारलं जातं. पाणी पूर्ण चार्ज झाल्यावर घालायचं, कारण चार्ज होताना पातळी वर येते. आधी काठोकाठ भरलं तर ॲसिड उतू जाऊन लोखंडी ट्रे खातं. प्लेट उघड्या पडल्या असतील तर मात्र चार्जच्या आधी त्या जेमतेम बुडतील एवढं घाला, बाकीचं नंतर. पाणी फक्त डिस्टिल्ड. आरओच्या पाण्यात क्षार उरतात. एसीच्या नळीतून गळणारं पाणी फुकट आणि स्वच्छ दिसतं, पण ते तांब्या-ॲल्युमिनियमवरून, धूळ घेऊन आलेलं असतं. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन एवढा स्वस्त मिळतो की हा प्रयोग करायचं कारणच नाही.

बाकी कामं पटापट उरकली. मागचे ब्रेक ड्रम उघडून ब्रेक शूवरची धूळ आणि गंज काढला. मोटर स्वतःच बराच वेग आवरते, त्यामुळे शू झिजण्याआधी ड्रम गंजतात. ब्रेक ऑइल बदललं, ते न वापरताही हवेतला ओलावा ओढतं. ज्यांच्या गाड्यांची पंधरा वर्षं भरली आहेत त्यांनी नोंदणी नूतनीकरणाला घाबरू नये. तपासणी करावी लागते, पण ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेनुसार बॅटरीवरच्या वाहनांना नूतनीकरणाचं शुल्क माफ आहे. कागदपत्रांत इंधनाच्या रकान्यात काय लिहिलंय ते आधी बघून घ्या.

पुढचा प्रश्न लिथियमचा. ३.२ व्होल्टचे सोळा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल घेतले तर ५१.२ व्होल्ट होतात, वजन अडीचशे किलोवरून शंभरच्या आत येतं आणि पाण्याचा विषय संपतो. मोह मोठा आहे. पण सोळा सेलची कमाल मर्यादा ५८.४ व्होल्ट, तर लेड-ॲसिडचा इक्वलायझिंग चार्ज साठच्या वर जातो. मूळ चार्जर तसाच ठेवून रोज बीएमएसनं, म्हणजे सेलवर नजर ठेवणाऱ्या सर्किटनं, चार्ज तोडण्यावर विसंबणं मला मान्य नाही, बीएमएस ही शेवटची कडी आहे. शिवाय सीटखालचं वजन कमी झालं की स्प्रिंग उंच होतात आणि गाडीची पकड बदलते, म्हणजे सस्पेन्शनही बघावं लागणार. असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतो, आरटीओच्या मंजुरीशिवाय मी तो करणार नाही.

तोपर्यंत मूळ चार्जरचा दाब आणि करंट दर दहा मिनिटांनी नोंदवून त्याचा पूर्ण आलेख काढायचं काम सुरू करतोय. रेवा-आयचा चार्जर कुणी उघडून त्याची व्होल्टेज मर्यादा बदलली असेल, तर बोर्डचे फोटो आणि आकडे नक्की पाठवा.