‘उभयान्वयी’ कुठे तोडावा?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरी पुतणी परवा व्याकरणाचा धडा मोठ्याने वाचत होती. ‘उभयान्वयी अव्यय’ येताच ती अडखळली आणि बोटे मोजत म्हणाली: उ, भ, या, न्व, यी. तुकड्यांची संख्या बरोबर होती, पण आपली जीभ हा शब्द उ-भ-यान्-व-यी असा तोडते, कारण अर्धा न् मागच्या ‘या’ला टेकून उभा राहतो.

देवनागरीत हा न् पुढच्या ‘व’ला जोडून लिहिला जात असल्यामुळे डोळा त्याला पुढच्या तुकड्यात ढकलतो. आमच्याकडच्या मुलांना कानडीही शिकावी लागते, आणि तिथे ‘अन्वय’ लिहिताना ‘न’ ओळीत पूर्ण राहतो व ‘व’ त्याच्या पायाशी ओत्तक्षर, म्हणजे खाली जोडलेले अक्षर, म्हणून येतो. लिप्यांची मांडणी अशी उलटसुलट असली, तरी न् दोन्ही भाषांत मागच्या स्वराबरोबरच उच्चारला जातो. वृत्त मोजणाऱ्यांनाही हे ठाऊक असते: ‘अन्वय’मधला ‘अ’ ऱ्हस्व असूनही पुढच्या जोडाक्षरामुळे तो गुरू, म्हणजे दोन मात्रांचा, धरला जातो. फरक पडतो तो शेवटी. मराठीत आपण अन्-वय् असे दोनच तुकडे बोलतो, तर कानडी बोलणारा अंत्य ‘अ’ स्पष्ट उच्चारून अन्-व-य असे तीन करतो. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या मुलांच्या बोलण्यात हे उच्चार मिसळतात. त्याला चूक म्हणून दटावणे मला अन्यायाचे वाटते.

“काका, मग दोन शब्द जोडले कुठे?” तिने विचारले. ‘उभय’ म्हणजे दोन्ही आणि ‘अन्वयी’ म्हणजे संबंध असणारा. ‘उभय’चा शेवटचा ‘अ’ आणि ‘अन्वयी’चा पहिला ‘अ’ मिळून एकच ‘आ’ झाला आहे. म्हणजे अर्थाचा सांधा ‘या’च्या पोटात आहे, आणि उच्चाराने कितीही तुकडे पाडले तरी तो वेगळा दिसणार नाही. हे मुलांना संधी सोडवूनच दाखवावे लागते, नाहीतर ‘आणि’, ‘पण’ यांसारख्या दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या शब्दांना हे नाव का मिळाले, ते त्यांना पाठच करावे लागते.

उद्गार दाखवणाऱ्या अव्ययांच्या ‘केवलप्रयोगी’ या नावात असा संधी नाही, तिथे के-वल्-प्र-यो-गी म्हणताना ‘केवल’ जिथे संपतो तिथेच जीभही थांबते. तो शब्द तिने पहिल्याच वेळी नीट वाचला.