आधी दुसरा कंट्रोलर घ्या

राजारामपुरीतल्या एका गल्लीत माझं गेमिंग कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायची यंत्रं, दुरुस्त करायचं दुकान आहे. काउंटरपलीकडून आई-वडील एक प्रश्न हमखास विचारतात: ‘पोरगं ऑनलाइन खेळायला वर्षाचं सबस्क्रिप्शन मागतंय. ते भरू, का त्यात थोडे घालून दुसरा रिमोट घेऊ?’ रिमोट म्हणजे कंट्रोलर. गिऱ्हाईक दारात उभं असताना दोन वाक्यांत सांगतो, पण पुरं सांगून होत नाही. म्हणून आज सविस्तर लिहितो.

आधी दुसरा कंट्रोलर घ्या.

नव्वदच्या दशकात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी कॅसेटवाला व्हिडिओ गेम आला. कॅसेटवर फुंकर मारायची, दाबून बसवायची आणि कॉन्ट्रा हा गोळीबाराचा गेम लावायचा. त्याच्या तिसऱ्या टप्प्यात धबधबा लागतो. खडकांवरून उड्या मारत वर चढायचं असतं. दोघं खेळत असतील तर पडदा पुढं गेलेल्याबरोबर वर सरकतो आणि मागं राहिलेला खालच्या कडेबाहेर पडून मरतो. शत्रूची गोळी न लागता, निव्वळ आपल्या माणसाच्या घाईनं मरतो. दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, त्याची बोटं चपळ. पहिला आठवडाभर मी असाच मरत होतो आणि रडत होतो. मग तो थांबायला लागला. ‘चढू?’ ‘चढ.’ फरशीवर मांडी घालून बसलेलो असायचो, त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकलेला. उडी मारायच्या आधी त्याचा गुडघा किंचित हलायचा. पडद्यावर उडी दिसायच्या आत मला ती गुडघ्याला कळायची. तो धबधबा आम्ही पार केला त्या रात्री दादानं मला खांद्यावर घेऊन सोप्यात नाचवलं होतं.

आता ऑनलाइनचं तंत्र बघा. टेकनसारख्या मारामारीच्या गेममध्ये चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं, म्हणजे एका चित्राला, एका फ्रेमला, साधारण १६.७ मिलिसेकंद. साधा झटपट ठोसा १० फ्रेममध्ये लागतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. कोल्हापूर ते सिंगापूर अंतर सरळ रेषेत साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त भरतं. खेळणाऱ्यांना जोडणारा कंपनीचा संगणक, म्हणजे सर्व्हर, तिकडं असेल तर नुसत्या जाण्यायेण्यात ३५ मिलिसेकंद, म्हणजे दोन फ्रेम जातात. वर राउटर आणि केबलची वळणं आलीच. यावर रोलबॅक नावाचा उपाय आहे. समोरचा पुढं कुठलं बटण दाबेल याचा गेम अंदाज बांधतो आणि अंदाज चुकला की क्षणभर मागं जाऊन चित्र दुरुस्त करतो. २०२३ च्या स्ट्रीट फायटर ६ मध्ये हे इतकं छान जमलंय की परगावच्या माणसाशी खेळतोय हे बऱ्याचदा जाणवतही नाही. माझ्या मनात या कामाबद्दल फार आदर आहे. तरी त्या अंदाजाला गुडघा नाही.

(ऑनलाइन खेळणारच असाल तर वायफायवर विसंबू नका, राउटरपासून कन्सोलपर्यंत केबल ओढा. आणि टीव्हीत गेम मोड असेल तर तो चालू करा. एका खोलीत खेळतानाही टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो आणि पोरांना वाटतं कंट्रोलरच खराब आहे. असे धडधाकट कंट्रोलर माझ्याकडे दुरुस्तीला येतात.)

कोल्हापूरच्या माणसाला यापुढचं फार समजावून सांगावं लागू नये. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस क्लबची फुटबॉल मॅच असली की गॅलरीतला माणूससुद्धा खेळत असतो. घरातही तसंच होतं. सुट्टीत भाचा आणि त्याचे तीन दोस्त फुटबॉल लावतात. २०२३ पासून गेमचं नाव ईए स्पोर्ट्स एफसी झालंय, पोरं अजून फिफाच म्हणतात. चार पोरं, दोन कंट्रोलर, नियम एकच: हरला तो उठला. बसलेले दोघं खेळतात आणि उरलेले दोघं मागून ‘पास दे की भावा, पास!’ म्हणून जीव काढतात. गोल खाल्लेल्याचं तोंड समोर दिसतं. जिंकलेल्याला त्याच्याच शेजारी बसून भडंग खायचं असतं, त्यामुळं किती चिडवायचं हे त्याला आपोआप कळतं. हेडफोन लावून अनोळखी माणसाशी हरलेलं पोरगं मात्र बटण दाबून थेट पुढच्या मॅचला जातं. हार जिरवायला त्याला वेळच मिळत नाही. रात्री अकराला आईवर विनाकारण खेकसणारी पोरं मी ऐकलीत, म्हणून हे पोटतिडकीनं सांगतोय.

मग गेम बनवणाऱ्या कंपन्यांनी एका टीव्हीवर एकत्र खेळणं कमी का केलं? पडदा दोघांत वाटायचा तर यंत्राला तोच देखावा दोन बाजूंनी दोनदा काढावा लागतो. चित्र जितकं भरगच्च, तितकं ते जड जातं. त्यात २००२ मध्ये एक्सबॉक्स कन्सोलची ऑनलाइन सेवा, एक्सबॉक्स लाइव्ह, आली आणि प्रत्येकजण आपापल्या घरून खेळू शकतो हे सगळ्यांना दिसलं. ज्या हेलो या गेमनं २००१ मध्ये एका टीव्हीसमोर चौघांना बसवलं, त्याच मालिकेच्या पाचव्या भागात, २०१५ साली, वाटलेला पडदाच काढून टाकला. मला ते फार लागलं होतं. २०२१ मध्ये इट टेक्स टू हा दोघांचा गेम आला तेव्हा म्हणूनच जीव भांड्यात पडला. तो एकट्याला खेळताच येत नाही आणि त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम गेमही तोच ठरला. हे खेळणं लोकांना अजून हवंय.

आणखी एक गोष्ट दुरुस्ती करणारा म्हणून सांगतो. एप्रिल २०२४ मध्ये निन्टेन्डोनं वी यू या कन्सोलची ऑनलाइन सेवा बंद केली. त्यावरचा मारिओ कार्ट ८ ऑनलाइन खेळणं तिथंच संपलं. पण ज्याच्या घरी तो कन्सोल आणि चार कंट्रोलर आहेत त्याच्याकडे चौघांची शर्यत आजही लागते. सर्व्हर दुसऱ्याच्या हातात असतो, माझ्याकडे त्याचा स्पेअर पार्ट नाही.

ऑनलाइन वाईट आहे असं मात्र मी म्हणणार नाही. गेल्या पावसाळ्यात एक ताई कन्सोल घेऊन आल्या. एका कंट्रोलरच्या डाव्या स्टिकचं, म्हणजे अंगठ्यानं फिरवायच्या दांडीचं, रबर झिजून गुळगुळीत झालेलं, दुसरा कोरा वाटावा असा. दुसरा मोठ्याचा, तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेलेला. धाकटा सहा महिने एकटाच खेळत होता. त्या घराला मीच सबस्क्रिप्शन घ्यायला लावलं आणि प्लेस्टेशनचं शेअर प्ले लावून दिलं. त्यात आपल्या कन्सोलवरचा दोघांचा गेम दुसऱ्या गावचा माणूस नेटवरून खेळू शकतो. सोबत खेळणारं माणूस लांब असेल तर पैसे तिथंच घालावेत. दादा दुबईत असतो, मीही वर्गणी भरतो. आमच्या शुक्रवारच्या रात्री त्यावरच चालतात. फोर्टनाइट किंवा ईफुटबॉलसारखे फुकटचे गेम प्लेस्टेशनवर सबस्क्रिप्शनशिवायही ऑनलाइन चालतात, तेव्हा पोरगं नेमकं काय खेळणार आहे ते आधी विचारा.

आणि नवा कंट्रोलर घ्यायच्या आधी कपाटं बघा. स्टिक आपोआप सरकते म्हणून बाजूला टाकलेला एखादा बहुतेक घरांत सापडतो. तो घेऊन या. बहुतेक वेळा नुसती स्टिक बदलून काम भागतं आणि संध्याकाळपर्यंत परत देतो.