बूझीचं क्लॅरिनेट, चढ्या सुराचं

आमच्या लंडनच्या हौशी बँडमधल्या एका वयस्क गृहस्थांनी घर आवरायला काढलं आणि हे क्लॅरिनेट मला देऊन टाकलं. ‘कुणाशीच जुळत नाही,’ एवढंच सांगितलं. पेटीचं कातडं सोलवटलेलं, भोकं झाकणाऱ्या चाव्यांखालचे पॅड (गाद्या) उंदरांनी कुरतडल्यासारखे, जोडांवरच्या बुचांचा भुगा झालेला. लाकूड मात्र काळंभोर, आणि त्यावर शिक्का स्वच्छ वाचता येत होता: बूझी अँड कंपनी, मेकर्स, २९५ रीजंट स्ट्रीट, लंडन. खाली एक नंबर. जुनं लाकडी क्लॅरिनेट हाती आल्यावर त्याचा ठावठिकाणा कसा लावायचा आणि ते वाजतं कसं करायचं, हे मी या एका वाद्यावर शिकलो. कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो आहे.

सुरुवात शिक्क्यापासून करायची, पण त्याच्यावर फार भिस्त ठेवायची नाही. फ्रान्समध्ये नॉर्मंडीत ला कुत्यूर-बूसे नावाचं एक गाव आहे. तिथे कित्येक पिढ्या लाकडी सुषिर वाद्यंच बनत आली. तिथल्या कारखान्यांतून क्लॅरिनेटं बाहेर पडायची आणि त्यांच्यावर नाव उमटायचं ते इंग्लंड-अमेरिकेतल्या एखाद्या दुकानदाराचं. त्यामुळे जुन्या बाजारात ‘लंडनचं दुर्मिळ वाद्य’ म्हणून जे विकायला असतं, त्यातलं बरंच लंडनमध्ये घडलेलं नसतं. बूझीचं तसं नव्हतं. आधी पुस्तकं आणि छापील संगीत विकणारं हे घराणं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वाद्यं घडवण्यात उतरलं. डेव्हिड ब्लेकली नावाचा ध्वनिशास्त्राचा पक्का जाणकार त्यांच्या कारखान्यात होता. पितळी वाद्यांच्या व्हॉल्व्हमधली सुरांची चूक दुरुस्त करणारी त्याची रचना आजही वापरात आहे. १९३० साली बूझी आणि त्यांचे प्रतिस्पर्धी हॉक्स एक झाले. तेव्हा शिक्क्यावर नुसतं ‘बूझी अँड कंपनी’ असेल तर वाद्य साधारण त्याआधीचं.

नेमकं साल हवं असेल तर नंबराकडे वळावं लागतं. या कंपनीच्या उत्पादनाच्या वह्या आज दक्षिण लंडनमधल्या फॉरेस्ट हिलच्या हॉर्निमन संग्रहालयात आहेत. हॉर्निमन हा चहाचा व्यापारी. त्याने गोळा केलेल्या वस्तूंसाठी बांधलेली ही इमारत १९०१ साली उघडली. पुढे तिथे वाद्यांचा मोठा संग्रह झाला आणि २००४ मध्ये बूझी अँड हॉक्सचा संग्रहही तिथेच आला. मी शिक्क्याचे, नंबराचे आणि चाव्यांचे फोटो पाठवून चौकशी केली. असं पत्र लिहिताना प्रश्न एकच ठेवावा: या नंबराच्या वाद्याची वहीत काय नोंद आहे? ‘याची किंमत काय?’ हे संग्रहालयाला विचारू नये, ते त्यांचं काम नव्हे. उत्तर यायला वेळ लागला, पण आलं ते समाधान करणारं होतं. माझं क्लॅरिनेट पहिल्या महायुद्धाच्या थोडं आधीचं. पुण्यात पेशवे दप्तरात मोडीचे रुमाल उलगडत बसणाऱ्यांना जो आनंद होत असेल, त्यातला चिमूटभर मलाही मिळाला.

आता चाव्या. आजच्या बहुतेक क्लॅरिनेटांवर असते ती बोहेम पद्धत. पॅरिसचा वादक क्लोझे आणि कारागीर लुई-ऑगस्त ब्युफे यांनी ती जमवली आणि १८३९ मध्ये लोकांपुढे मांडली. माझं वाद्य त्या घराण्यातलं नाही. त्याची वंशावळ इवान म्युलरकडे जाते. १८१२ च्या सुमारास म्युलरने तेरा चाव्यांचं क्लॅरिनेट पॅरिसच्या संगीत विद्यालयापुढे ठेवलं. एकाच वाद्यावर सगळ्या पट्ट्या वाजवता येतात, हा त्याचा दावा होता. परीक्षकांनी ते नाकारलं. कारण मोठं गमतीचं: वेगवेगळ्या पट्ट्यांच्या क्लॅरिनेटांचे वेगवेगळे आवाज आहेत, एकच वाद्य आलं तर ते रंग जातील. त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असं मला वाटत नाही. पण वादकांनी परीक्षकांचं ऐकलं नाही. पुढे ब्रसेल्सच्या यूजीन अल्बर्टने तीच रचना सुधारली, आणि इंग्लंड विसाव्या शतकात बऱ्याच आतपर्यंत तिला धरून राहिलं. न्यू ऑर्लिन्सचे सुरुवातीचे जॅझवाले हीच पद्धत वाजवायचे. तुर्कस्तान आणि ग्रीसमध्ये तर ती आजही जिवंत आहे.

‘जुळत नाही’ या तक्रारीचं मूळ मात्र चाव्यांत नव्हतं. माउथपीस काढून मोजलं तर आजचं बी-फ्लॅट क्लॅरिनेट साधारण ५९-६० सेंटीमीटर भरतं. हे ५८ च्याही आत. म्हणजे हे ‘हाय पिच’चं, चढ्या सुराचं वाद्य. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये मध्यसप्तकातला ‘ए’ सेकंदाला ४५२ कंपनांच्या आसपास लावायचे, आज तो ४४० असतो. दोहोंतला फरक जवळजवळ अर्ध्या स्वराचा अर्धा. वाद्यवृंदांनी १८९०च्या दशकात सूर उतरवला. लष्करी बँडांनी त्यासाठी १९२०च्या दशकाची अखेर गाठली, आणि ब्रास बँड तर १९६०च्या दशकापर्यंत तसेच चढे राहिले. त्यामुळे बूझीसारखे कारखाने बरीच वर्षं दोन्ही सुरांची वाद्यं शेजारी-शेजारी बनवत होते.

बॅरल, म्हणजे माउथपीसच्या खालचा आखूड तुकडा, थोडा बाहेर ओढला की झालं, असं पुष्कळांना वाटतं. होत नाही. जवळजवळ दोन सेंटीमीटरची तूट वरच्या टोकाला भरली तर मोकळ्या बोटांचे सूर, ज्यांची हवेची नळी मुळातच आखूड असते, भलतेच उतरतात आणि सगळी भोकं बंद करून वाजणारे सूर त्या मानाने थोडेच. सप्तक आतल्या आत वाकडं होतं. भोकांमधली अंतरंच चढ्या सुराच्या हिशेबाने पाडलेली असतात. म्हणूनच ही वाद्यं स्वस्तात मिळतात. मी चौकशी केलेल्या एका दुकानाने तर बल्ब बसवून टेबलावरचा दिवा करा, असा सल्ला दिला. असे दिवे सर्रास विकले जातात. मला ते बघवत नाहीत.

सूर चढा आहे हे कळल्यावरही दुरुस्ती करायचीच असं ठरवलं, पण काही कामं स्वतः आणि काही कारागिराकडून. गंजलेले स्क्रू जोर लावून फिरवायचे नाहीत. थेंबभर तेल सोडून रात्रभर थांबायचं. प्रत्येक चावी, तिची दांडी आणि स्क्रू एका पुठ्ठ्यावर त्या-त्या जागी टोचून ठेवायचे, कारण हाताने घडवलेल्या चाव्यांत कुठलाही स्क्रू कुठेही बसत नाही. चाव्या जर्मन सिल्व्हरच्या होत्या. नुसत्या कापडाने पुसल्या, चकाकी आणायच्या भानगडीत पडलो नाही. सगळ्यात अडलं ते पॅडांपाशी. या जुन्या चाव्यांच्या वाट्या उथळ असतात. आजचे नेहमीचे पॅड जाड. ते बसवले तर चावी एका कडेला टेकते आणि दुसरीकडून हवा गळते. पातळ पॅड शोधून, लाखेने चिकटवून, गरम करून बसवणं हे कसबाचं काम. ते मी कारागिराकडे दिलं आणि शेजारी बसून पाहिलं. जोडांवरची बुचं मात्र मीच घासून बसवली.

लाकूड आफ्रिकन ब्लॅकवुड, टांझानिया-मोझांबिककडचं. आपल्या शिसवीचं सख्खं भावंड, एकाच कुळातलं, आणि इतकं जड की पाण्यात बुडतं. जुन्या इंग्लिश वाद्यांत तांबूस छटेचं कोकस लाकूडही आढळतं, आणि काही ‘लाकडी’ वाटणारी वाद्यं मुळी लाकडाची नसतात. ती एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची. अंगठ्याने जोरात घासून हुंगायचं, गंधकाचा वास आला तर एबोनाइट. वर्षानुवर्षं न वाजलेलं लाकूड एकदम तासभर फुंकलं तर आतून दमट होऊन फुगतं, बाहेरून कोरडंच राहतं आणि तडकतं. म्हणून सुरुवातीला रोज दहा-पंधरा मिनिटंच वाजवायचं, लगेच आतून पुसायचं. बदामाचं तेल आत लावावं की नाही यावर दोन कारागिरांची तीन मतं असतात. मी अगदी पातळ हात दिला. वरच्या जॉइंटला केसाएवढी एक जुनी चीर आहे, कुणीतरी पूर्वीच बुजवलेली. ती वाढलेली नाही.

आणि मग ते वाजलं. बँडमध्ये अर्थातच निरुपयोगी. पियानोबरोबर निरुपयोगी. पण आपल्याकडे सा कुठेही धरता येतो! श्रुतीपेटीच्या अ‍ॅपवर सूर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध सरकवला आणि क्लॅरिनेट तानपुऱ्यात बसलं. तबलजी मित्राने हातोडी घेऊन दायां तेवढा चढवला. पेटीवाल्याला मात्र त्या दिवशी श्रोता व्हावं लागलं, कारण त्याचे सूर ठोकलेले. म्युलर-अल्बर्ट घराण्याच्या या साध्या चाव्यांवर मींड काढायला मला आजच्या वाद्यापेक्षा सोपं जातं, बोट भोकावरून हळूहळू सरकवता येतं. लग्नाच्या वरातीत आणि तमाशाच्या फडात क्लॅरिनेट ऐकत मोठा झालो, पण तो लचकदार सूर माझ्या नव्या वाद्यातून कधी निघत नव्हता.

सगळं सरळ आहे असं नाही. खालच्या सप्तकाचा आवाज दाट आणि गोड आहे. तीच बोटं ठेवून वर गेलं की क्लॅरिनेट आठव्या नव्हे तर बाराव्या सुरावर उडी घेतं, आणि या वाद्यात त्यातल्या काही उड्या किंचित कमी पडतात. त्या ओठांनी सावराव्या लागतात. आजचा माउथपीस लावून पाहिला तर हे जास्तच बिघडतं, आतल्या पोकळीचं माप जुळत नाही. म्हणून पेटीतलाच जुना माउथपीस कोमट पाण्याने धुऊन, घासून वापरतो. येत्या दिवाळीत हे पुण्याला न्यायचा विचार आहे. ब्लॅकवुडच्या सगळ्या कुळावर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत, पण तयार वाद्यांना २०१९ च्या नोव्हेंबरअखेर सूट मिळाली, तेव्हा कागदांची चिंता नाही. चिंता आहे ती तिथल्या कोरड्या हवेची आणि त्या केसाएवढ्या चिरेची.