तपासणी दोघांचीही

स्वीडनमध्ये शाळेतलं लैंगिक शिक्षण १९५५ पासून सक्तीचं आहे. इथे गॉथेनबर्गला माझ्या सातवीतल्या लेकीच्या वहीत गर्भाशयाच्या आकृतीशेजारी वृषणाचीही आकृती असते, सगळी नावं दिलेली, आणि वही जेवणाच्या टेबलावर उघडीच पडलेली असते. नाशिकला आमच्या शाळेत तो धडा ‘घरी वाचा’ म्हणून सुटला होता. घरी तरी तो कोण काढणार?

आज लिहायला बसले ती वहिनीमुळे. तिला विचारूनच लिहितेय. लग्नाला काही वर्षं झाली, दिवस राहत नाहीत. परवा फोनवर म्हणाली, “ताई, माझं रक्त झालं, सोनोग्राफी झाली, नळ्यांचा एक्स-रेसुद्धा झाला. तो तर फार दुखला. ह्यांना मात्र कोणी काही सांगितलंच नाही.” आईने सप्तशृंगीला बोललेला नवसही वहिनीच्याच नावाचा. माझ्या ऑफिसातल्या एका जोडप्याला इथे पहिल्याच भेटीत दोघांच्या तपासणीचे कागद हातात मिळाले होते. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला.

कारण मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, एकटं किंवा बाईच्या कारणासोबत. पुरुषाची पहिली तपासणी म्हणजे वीर्याची. सुई नाही, दुखणं नाही, खर्चही नळ्यांच्या एक्स-रेपेक्षा कितीतरी कमी.

दादा अंबड एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, दिवसभर भट्टीपाशी. वृषण शरीराबाहेर पिशवीत असतात ते उगीच नाही. शुक्राणू नीट तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं. एक शुक्राणू तयार होऊन बाहेर पडेपर्यंत साधारण अडीच महिने जातात, त्यामुळे आज आलेल्या जोरदार तापाचा परिणाम पुढचे दोन-तीन महिने रिपोर्टात दिसू शकतो. इथल्या लोकांना सॉनाचं भारी वेड, पण बाळासाठी प्रयत्न चालू असले की पुरुषांना तिथली उष्णताही टाळायला सांगतात. मग भट्टीची चौकशी आधी नको का व्हायला?

वहिनीशी बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली. कोणीतरी तिला ‘चौदावा दिवस’ सांगितलेला, आणि तो ती नेमाने पाळत होती. तिला म्हटलं, भिंतीवरचं कॅलेंडर काढा. तिची पाळी पस्तीस दिवसांनी येते. बीजांड बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी, म्हणजे तिच्या बाबतीत एकविसाव्या दिवसाच्या आसपास. बाहेर पडलेलं बीजांड जेमतेम एक दिवस टिकतं, शुक्राणू मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणून महत्त्वाचे ते बीजांड सुटण्याआधीचे चार-पाच दिवस आणि तो दिवस. वहिनीने पेनाने सोळा ते एकवीसवर गोल केले आणि बराच वेळ त्याकडेच बघत राहिली.

आपल्याकडे सगळा ठपका ‘पिशवी’वर. खरं तर बीजांड आणि शुक्राणू भेटतात ते बीजवाहिनीत, म्हणजे नळीत. तिथून गर्भ गर्भाशयात येऊन अस्तरात रुजायला आठवडाभर लागतो. म्हणून नळ्या बघणं बरोबरच आहे, पण निम्मी तपासणी करून थांबायचं कशाला? र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू करून शरीराबद्दल मराठीतून उघडपणे लिहिलं, त्यापायी खटले सोसले. शंभर वर्षं होत आली, आणि माझ्या माहेरी अजून दादाला कोणी विचारायला धजत नाही.

मग मीच फोन केला. भट्टीचं सांगितलं, अडीच महिन्यांचं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “उपाशीपोटी जायचं का?”

नाही रे. आधी दोन ते सात दिवस संबंध नकोत, एवढंच. नमुना घरून नेणार असशील तर तासाभरात लॅबमध्ये पोचव, आणि नेताना डबी अंगाजवळ ठेव, गार होऊ देऊ नकोस. आकडे कमी आले तरी एका रिपोर्टवर काही ठरवायचं नाही, तपासणी पुन्हा करायची. आणि डॉक्टरांकडे वहिनीला एकटीला पाठवू नकोस.